शाहिराचे आत्मवृत्त आणि इतिहासाचे प्रामाण्य : महाड-पोलादपूर परिसराच्या आधारे एक विचार

१

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडास येते, तेथे गांधारी तिला मिळते, आणि पुढे दासगावच्या खाडीवरून ती बाणकोटजवळ समुद्रास मिळते. ह्या नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरचे पठार, वरंध्याच्या घाटाने भोर आणि कशेडीच्या घाटाने खेड व दक्षिण कोकण ह्या परिसराशी जोडले गेले आहे. घाटमाथ्यावरचा माल आणि माणूस बंदराकडे जाताना ह्याच वाटांनी उतरत असे. राजधानीचा रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. चवदार तळे महाड शहराच्या मध्यभागी आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ साली रायगड हे नाव मिळाले, तेही ह्याच भागातील किल्ल्यावरून.

ह्या मुलुखाचा इतिहास दोन प्रकारच्या साधनांतून आपल्यापर्यंत आला आहे. पत्रे, सनदा, बखरी, नगरपालिकेचे ठराव, न्यायालयाचे निकाल हा पहिला प्रकार होय. पोवाडे, जलशातील पदे, ओव्या आणि ही गीते रचणाऱ्या-गाणाऱ्यांनी उत्तरायुष्यात सांगितलेली आत्मवृत्ते हा दुसरा. पहिल्या प्रकाराच्या चिकित्सेची पद्धती महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापासून चांगली रुजलेली आहे. दुसऱ्या प्रकारातील पोवाड्यांचीही काही चिकित्सा झाली आहे. परंतु गायक-कवीच्या आत्मवृत्ताकडे अभ्यासकांची दृष्टी अद्याप पुरेशी वळलेली नाही. ते एक तर वाङ्मय म्हणून वाचले जाते, किंवा चळवळीचा गौरवग्रंथ म्हणून. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल काय, त्याच्या कोणत्या विधानावर किती भार टाकावा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. महाड-पोलादपूरच्या इतिहासाच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

आत्मवृत्त हा गद्यप्रकार मराठीत एकोणिसाव्या शतकात स्थिर झाला, हे खरे. तथापि गाणाऱ्याने स्वतःविषयी काही सांगण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव गोवतो. कित्येकदा गुरूचा, गावाचा अथवा आश्रयदात्याचाही उल्लेख करतो. अफझलखानाच्या वधावरील पोवाड्यात अज्ञानदासाचे आणि सिंहगडावरील पोवाड्यात तुळशीदासाचे नाव अशा रीतीने टिकून राहिले. संतांच्या अभंगातील नाममुद्रेचीच ही बहीण. कोकणातील शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांतही ही प्रथा आहे. तेथे शाहीर आपली गुरुपरंपरा सांगितल्यावाचून गाणे पुरे करीत नाही. हे गाणे कोणाचे, त्याने ते कोणाकडून घेतले आणि कोणापुढे म्हटले, एवढे तीन प्रश्न ह्या मुद्रेतून सुटतात. आत्मवृत्ताचे बीज येथे आहे.

संस्कृत काव्यातही ह्याच परिसराशी संबंध असलेले एक उदाहरण सापडते. 'शिवभारत' हे महाकाव्य रचणारा कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपूर येथे असल्याचे परंपरा सांगते. ह्या काव्यात कवी पडद्याआड राहत नाही. काशीक्षेत्री गंगातीरी जमलेल्या पंडितांनी प्रश्न विचारावे आणि परमानंदाने शिवाजी महाराजांचे चरित्र कथन करावे, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे चरित्राचा सांगणारा स्वतः त्या काव्यातील एक पात्र आहे आणि आपण कोणास उद्देशून बोलत आहो, हे तो उघड करतो. सदाशिव महादेव दिवेकर यांनी हे काव्य १९२७ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी परमानंदाच्या समाधीपासून फार दूर नसलेल्या महाड गावी चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला. एका घटनेने ह्या भूमीचे जुने काव्य विद्वानांच्या हाती आले. दुसरीने नव्या गीतपरंपरेस विषय पुरविला.

३

नव्या परंपरेकडे वळण्यापूर्वी जुन्या परंपरेची कसोटी एकदा लावून पाहणे उपयुक्त ठरेल. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहात आला, आणि अ‍ॅक्वर्थ यांनी १८९४ साली इंग्रजीत केलेल्या भाषांतरामुळे तो महाराष्ट्राबाहेरही पोहोचला. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन तानाजी राजदर्शनास जातो, लग्न बाजूस ठेवून मोहिमेचा विडा उचलतो, घोरपडीच्या साहाय्याने कडा चढविला जातो, शेलारमामा सूड उगवितो, ही सर्व कथा सामान्य मराठी माणसास पोवाड्यातून परिचित झाली.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत ४ फेब्रुवारी १६७० च्या ह्या प्रसंगाची हकिकत आहे. तीत लग्नाची कथा नाही, घोरपड नाही. आणि तानाजीबरोबरच्या माणसांचा जो आकडा बखरीत शेकड्यांत आहे, तो पोवाड्यात हजारांवर जातो. 'सिंहगड' हे नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले, ही समजूतही टिकत नाही, कारण १६६३ सालच्या पत्रात हे नाव आलेले आहे. पोवाड्याचे आज उपलब्ध असलेले रूप मुखपरंपरेतून अनेक पिढ्या फिरून आलेले असल्याने त्याच्या भाषेवरून काल ठरविणेही अवघड आहे.

एवढ्यावरून पोवाडा निरुपयोगी ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. गड कसा घेतला ह्याविषयी तो दुबळा साक्षीदार आहे. परंतु गड घेतल्यानंतरच्या पिढ्यांना त्या प्रसंगात काय महत्त्वाचे वाटले, ह्याविषयी त्याच्याइतका समर्थ साक्षीदार दुसरा नाही. घरचे मंगलकार्य सोडून कामगिरीवर जाणारा गृहस्थ हा पोवाड्याचा नायक आहे. बखरीचा नायक केवळ शूर सरदार आहे. उमरठच्या स्मारकाशी, तसेच तानाजीचा देह मढेघाटाने कोकणात उतरविल्याच्या कथेशी लोकांचे जे नाते आहे, ते बखरीतील तानाजीशी नसून पोवाड्यातील तानाजीशी आहे. गीताचे प्रामाण्य घटनेविषयी कमी आणि घटनेच्या अर्थाविषयी अधिक असते, हा पहिला निष्कर्ष येथे मिळतो. तुळशीदासाने स्वतःचे आत्मवृत्त लिहिले असते, तर हा अर्थ त्याने कोठून घेतला, कोणापुढे गाताना तो दृढ झाला, हेही कळले असते. ती उणीव विसाव्या शतकातील शाहिरांच्या आत्मवृत्तांनी त्यांच्या काळापुरती भरून काढली आहे.

४

महाडच्या १९२७ सालच्या घटनांचा कागदोपत्री क्रम सुस्पष्ट आहे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे ठरविले. पण ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा पसरून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' हे पत्र निघू लागले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबर रोजी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात जाऊन मनाई हुकूम निघालेला होता. म्हणून प्रत्यक्ष पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब झाला आणि २७ डिसेंबर रोजी मिरवणूक काढण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पहिल्या परिषदेनंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

हा क्रम मुद्दाम तपशिलाने दिला, कारण लोकस्मृतीत तो असाच राहिलेला नाही. तेथे मार्चचे पाणी आणि डिसेंबरचे दहन ह्या दोन घटना जवळ येतात. मनाई हुकूम आणि तहकुबी मागे पडते. दहा वर्षांच्या खटल्याची वाट पाहणे जवळपास नाहीसे होते. गीतास एक उत्कर्षबिंदू हवा असतो आणि न्यायालयीन तारखांस गीतात जागा नसते. तुळशीदासाच्या पोवाड्यात जी प्रक्रिया दोनअडीचशे वर्षांत घडली, तीच येथे अर्ध्या शतकात घडलेली दिसते.

५

ही स्मृती घडविणारे मुख्य साधन म्हणजे आंबेडकरी जलसा. त्याची पूर्वपीठिका सत्यशोधक जलशात आहे. ओतूरचे भीमराव महामुनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमाशाचा साचा घेऊन त्यात सत्यशोधक विचार भरला. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम लोकांस ठाऊक होता. ढोलकी, तुणतुणे, झांज ही वाद्ये ठाऊक होती. ह्या ओळखीच्या साच्यात आशय तेवढा बदलला. आंबेडकरी जलसाकारांनी हाच मार्ग पुढे नेला. गणातील देवतास्तवन गेले, गवळणीचा शृंगार गेला; शिक्षण, मृतमांसाचा त्याग, व्यसनमुक्ती, पाणवठे व मंदिरप्रवेश हे विषय आले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे ह्या जलशांचे अग्रणी होते. १९७८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक स्वरूपाने विषयविवेचन असले, तरी त्यात एका कार्यकर्त्या कलावंताची आठवण सर्वत्र मिसळलेली आहे. आपल्या अनेक सभांचे कार्य कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचा डॉ. आंबेडकरांचा अभिप्राय जलशांच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. हा अभिप्राय सांगितला गेला, ह्यातच जलसाकारांच्या आत्मप्रत्ययाचे रहस्य आहे.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे पुढच्या पिढीचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. मुंबईत मजुरी करीत असता त्यांनी १९४३ साली पहिले गीत रचले. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे त्यांचे आत्मचरित्र. प्रौढ वयात कोणी पत्र वाचून दाखवावयास सांगितले असता आपणास वाचता येत नाही ह्याची लाज वाटून अक्षरओळख करून घेतल्याचा त्यांच्या आयुष्यातील प्रसंग प्रसिद्ध आहे. इतिहासकाराने ह्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हजारो गीतांचा कर्ता म्हणून जो ओळखला जातो, त्याची विद्या प्रथम कानाची होती. अशा माणसाच्या आठवणी लिखित कागदाच्या शिस्तीने बांधलेल्या नसतात. त्या चालीने, प्रसंगाने आणि श्रोत्यांच्या चेहऱ्याने बांधलेल्या असतात. तारखेत त्याची चूक संभवते. परंतु कोणते गीत कोणत्या वस्तीत उचलले गेले, हे तो सहसा विसरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सत्याग्रहाच्या वेळी वामनदादांचे वय अवघे पाच वर्षांचे होते. महाडविषयी त्यांच्या पिढीच्या शाहिरांनी जे गाइले, ते ऐकून गाइले. उलट ज्यांनी महाडची परिषद घडवून आणण्यासाठी प्रत्यक्ष धावपळ केली, त्यांत लाडवली गावचे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२) हे एक प्रमुख होते. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या बरोबरीने परिषदेच्या सिद्धतेत त्यांचे नाव घ्यावे लागते. १९३० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९६५ साली 'जीवनमार्ग' हे पत्र त्यांनी सुरू केले. त्यांचे अपूर्ण राहिलेले आत्मकथन त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रासह २००३ साली प्रसिद्ध झाले. मोरे हे जलशाचे शाहीर म्हणून ख्यातनाम नव्हेत. महाडपुरते पाहता ज्याने घटना पाहिली त्याचे कथन अपुरे राहिले, आणि ज्यांची गीते घरोघर पोहोचली त्यांतील अनेकांनी घटना पाहिली नव्हती. ही दोन साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यावाचून १९२७ चे महाड पुरते उभे राहत नाही.

६

मोरे यांच्या आत्मकथनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात सत्याग्रहापूर्वीचे महाड दिसते. इंग्रजी शाळेत प्रवेश मिळविताना आलेल्या अडचणी, बाजारास येणाऱ्या अस्पृश्यांस पाण्याचा घोट वा चहाचा पेला मिळण्याची पंचाईत, आणि ती दूर व्हावी म्हणून आपल्याच समाजातील एकास चहाचे दुकान घालावयास लावणे, असे प्रसंग त्यात येतात. तळ्याच्या पाण्याची मागणी मार्च १९२७ मध्ये एकाएकी उद्भवली नाही. बाजाराच्या दिवशीची तहान तिच्यामागे होती, हे ह्या आठवणींवरून ध्यानात येते. नगरपालिकेच्या ठरावात ही तहान नाही, आणि ती असण्याचे कारणही नाही.

ह्याहून मागे गेल्यास दासगावचा संदर्भ लागतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची वस्ती ह्या बंदरगावी होती. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केले. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. लष्करी नोकरीमुळे अक्षरओळख, निवृत्तिवेतनामुळे थोडी स्वस्थता आणि बंदरामुळे मुंबईशी दळणवळण, ही तीन कारणे एकत्र आली म्हणून महाड तालुक्यात जागृती इतरत्रच्या मानाने लवकर झाली, असे अनुमान करावयास आधार आहे. जलशांच्या प्रसारासही हेच दळणवळण उपयोगी पडले. मुंबईच्या चाळीत ऐकलेले पद शिमग्यास गावी येणारा कामगार आपल्याबरोबर आणीत असे. छापील पत्र जेथे वाचले जात नसे, तेथे पद म्हटले जात असे.

७

घाटाच्या वरच्या बाजूस वाईजवळ पसरणी हे गाव आहे. तेथील कृष्णराव साबळे (१९२३–२०१५), म्हणजेच शाहीर साबळे, यांच्या आत्मचरित्राचे नाव 'माझा पवाडा' असे आहे. हे नाव विचार करण्याजोगे आहे. पोवाडा हा परक्याच्या पराक्रमाचा असतो; गाणारा अखेरीस फक्त आपले नाव सांगतो. येथे गाणाऱ्याचेच आयुष्य पोवाड्याचा विषय झाले. साने गुरुजींचा सहवास, स्वातंत्र्यलढ्यातील गाणी, पसरणीच्या भैरवनाथ मंदिरात दलितांचा प्रवेश व्हावा म्हणून झालेला प्रयत्न, पुढे मुक्तनाट्य आणि 'महाराष्ट्राची लोकधारा', असा ह्या शाहिराच्या जीवनाचा विस्तार आहे. राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले जे महाराष्ट्रगीत त्यांच्या आवाजात घरोघर पोहोचले, ते २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले.

घाटाच्या खाली वीरेश्वराच्या मंदिरप्रवेशाची नुसती अफवा दंग्यास पुरेशी झाली, आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी घाटाच्या वर भैरवनाथाचे दार उघडण्यासाठी गावचाच शाहीर पुढे आला. ह्या दोन प्रसंगांत काय बदलले आणि काय बदलले नाही, हे पाहावयाचे तर दोन्ही बाजूंची आत्मवृत्ते लागतात. दार उघडणाऱ्याची आठवण आणि दाराबाहेर उभे राहणाऱ्याची आठवण एकाच घटनेचे वेगळे मोल सांगतात. शाहीर साबळे यांच्या ठिकाणी तो सेवेचा व सद्भावाचा प्रसंग आहे; जलसाकारांच्या परंपरेत तो हक्काचा प्रश्न आहे. इतिहासकाराने दोहोंची सरासरी काढू नये. दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत.

पश्चिमेकडील एक समांतर उदाहरण येथे उपकारक होईल. विजेच्या गिटारीवर उभ्या राहिलेल्या रॉक संगीतात कवी म्हणूनही मान्यता पावलेले काही गायक झाले. बॉब डिलन यांचे 'क्रॉनिकल्स' हे आत्मवृत्त २००४ साली आले. त्यात कालक्रम पाळलेला नाही, आणि प्रसिद्धीची कित्येक वर्षे सरळ गाळलेली आहेत. २०१६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर गीतास साहित्य म्हणावे काय, असा वाद युरोप-अमेरिकेत झाला. पोवाडा व अभंग ह्यांवर वाढलेल्या मराठी वाचकास तो वाद काहीसा अनावश्यक वाटावा. पॅटी स्मिथ यांचे 'जस्ट किड्स' २०१० साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली निवर्तलेले छायाचित्रकार मित्र रॉबर्ट मेपलथॉर्प यांना दिलेल्या वचनाची ती पूर्ती होती. ही दोन्ही आत्मवृत्ते कलावंत कसा घडला, ह्या प्रश्नाभोवती फिरतात. शाहिराच्या आत्मवृत्ताचा केंद्रप्रश्न त्याहून निराळा असतो: गाणे कोणाच्या कामी आले? त्यामुळे रॉक गायकाच्या आठवणीत एखादे शहर, एखादी खोली, एखादी मैत्री सूक्ष्मपणे उतरते, आणि शाहिराच्या आठवणीत गावांची, सभांची व सहकाऱ्यांची नावे दाटीने येतात. दोहोंकडे स्मृतीची निवड आहेच. निवडीचे तत्त्व वेगळे आहे. ते तत्त्व ओळखल्यावाचून आत्मवृत्तातील गाळलेल्या जागांचा अर्थ लागत नाही.

८

आता प्रामाण्याच्या कसोट्या सांगता येतील. पहिली कसोटी साक्षित्वाची. सांगणारा तेथे होता काय, आणि नसल्यास त्याने कोणाकडून ऐकले? दुसरी कसोटी अंतराची. १९७८ किंवा त्यानंतर लिहिलेल्या ग्रंथात १९३० च्या सुमाराची हकिकत येते, तेव्हा मधल्या काळातील धर्मांतर, पक्षोपपक्ष व स्मारके यांची छाया तिच्यावर पडणे स्वाभाविक आहे. तिसरी कसोटी श्रोत्यांची. शाहिराने एकच प्रसंग शेकडो वेळा रंगमंचावरून सांगितलेला असतो. सांगता सांगता त्यास घाट येतो, आणि आत्मचरित्र लिहितेवेळी मूळ अनुभवाऐवजी हा घाटदार प्रसंगच कागदावर उतरतो. एखादी आठवण फार गोळीबंद, फार टाळी घेणारी असेल, तर तिच्याविषयी अधिक सावध राहावे. चौथी कसोटी स्वतंत्र पुराव्याची. तारखा, संख्या, ठरावांचे शब्द ह्यांसाठी वृत्तपत्रे, नगरपालिकेचे दप्तर व न्यायालयाचे कागद यांकडेच गेले पाहिजे.

ह्याच कसोट्या उलट बाजूनेही लावाव्या लागतात, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. १९२७ च्या दंगलीची त्या काळच्या वृत्तपत्रांतील वृत्ते, अधिकाऱ्यांचे अहवाल आणि दाव्यातील कैफियती ह्यांनाही लिहिणाऱ्याचा हितसंबंध होता, त्यांनाही श्रोते होते. तळे खाजगी मालकीचे आहे, हे वादींचे म्हणणे कागदावर होते आणि मुद्रांकासहित होते. उच्च न्यायालयात ते टिकले नाही. कागद आहे म्हणून खरे आणि गाणे आहे म्हणून खोटे, हा न्याय महाडच्या इतिहासाने स्वतःच मोडीत काढला आहे. मात्र म्हणून गाणाऱ्याचे प्रत्येक विधान तपासल्यावाचून स्वीकारणे हा त्याचा सन्मान नव्हे. साक्षीदारास उलटतपासणीयोग्य मानणे म्हणजेच त्यास साक्षीदार मानणे होय. आजवर शाहिरास एक तर दुर्लक्ष मिळाले, नाही तर नमस्कार. उलटतपासणीचा मान क्वचितच मिळाला.

शेवटी ह्या साधनांतील एका मोठ्या मौनाचा निर्देश करणे अवश्य आहे. जलशात स्त्रीची भूमिका बहुधा पुरुषच करीत, आणि जलसाकारांची उपलब्ध आत्मवृत्तेही प्रायः पुरुषांची आहेत. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, लुगडे नेसण्याच्या पद्धतीपासून मुलींच्या शिक्षणापर्यंत त्यांना सांगितले. तेथे जमलेल्या स्त्रियांनी ते कसे ऐकले, हे पुरुषांच्या आठवणींतून कळत नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) ह्या ग्रंथाने चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती नोंदवून ह्या मौनास पहिली वाचा फोडली. हेमा राईरकर व गी पॉईटव्हॅ यांनी पुण्यातून चालविलेल्या कार्यात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. ओवी गाणारी स्त्री आत्मचरित्र लिहीत नाही. पण ओवीत ती आपल्या भावाचे, लेकीचे, गावाचे नाव घेते. शाहिराच्या नाममुद्रेशी ह्या उल्लेखांची तुलना करून पाहण्याजोगी आहे.

९

महाड-पोलादपूर हा पुराचा व दरडींचा प्रदेश आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. घरातील वह्या, ट्रंकेतील छायाचित्रे, पदांची हस्तलिखिते अशा आपत्तीत टिकत नाहीत. ज्या समाजाच्या इतिहासाची साधने सरकारी दप्तरात मुळात थोडी आहेत, त्याच्या बाबतीत ही हानी दुहेरी असते. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या भागातील शक्ती-तुऱ्याच्या व जलशांच्या वह्यांची सूची करणे, गाणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, आणि प्रत्येक मुलाखतीसोबत सांगणाऱ्याचे जन्मसाल, गाव, गुरू व ऐकण्याचा प्रसंग नोंदविणे हे तातडीचे कार्य आहे. चालीची नोंद शब्दांइतकीच आवश्यक समजावी, कारण कोणत्या तमाशाच्या वा चित्रपटाच्या चालीवर पद बांधले, ह्यावरून त्याचा काल पुष्कळदा ठरविता येतो.

तुळशीदासाने आपले नाव पोवाड्याच्या अखेरीस ठेवले, म्हणून निदान ते नाव राहिले. महाडच्या सत्याग्रहाविषयी गाणाऱ्या कित्येकांचे तेवढेही राहिलेले नाही. ज्यांनी आत्मवृत्त लिहून आपला जबाब नोंदविला, त्यांचा जबाब काळजीपूर्वक वाचणे आणि तपासणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. आणि ज्यांचा जबाब अद्याप घेतला गेला नाही, त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणे हे त्याहून निकडीचे कर्तव्य आहे.